कोल्डप्ले, नाना आणि वाजवणारी माणसं

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन असतील तर आवाज दोन टप्पे खाली घ्या, कारण आजचा विषय आवाजच आहे.

बऱ्याच जणांचे मेसेज आले होते. "तू कोल्डप्लेला जाऊन आलास ना, मग त्यावर बोल की." तर आज बोलतो. पण आधीच सांगतो, "काय रात्र होती यार" छापाचा हा एपिसोड नाही. तसल्या रील्स तुम्ही जानेवारीतच पोटभर बघितल्यात. मी तिथं गेलो होतो माझ्या चुलत्यांबरोबर, नानांबरोबर. नानांनी पंचवीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. आता ते कांद्याची पिकअप चालवतात. माझ्या आवडत्या बँडचा कार्यक्रम मी त्यांच्या शेजारी बसून ऐकला, आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. "लाइव्ह" म्हणजे नेमकं काय? आणि आपल्याकडे ते होतं, ते कुठं गेलं?

आधी गाव सांगतो, म्हणजे अंतराचा अंदाज येईल. मी विंचूरचा. निफाड तालुका, जिल्हा नाशिक. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की निफाड जातं, मग आम्ही, मग येवला. पुण्याच्या मंडळींना सदाशिव पेठेतला विंचूरकर वाडा माहीत असतो. त्या विंचूरकर सरदारांचं हे गाव. बाकी ओळख म्हणजे कांदा. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्याकडे आहे. एमआयडीसीत वाइन पार्क आहे. म्हणजे द्राक्षं आमची, वाइन आमच्याकडची. रॉक मात्र आमच्याकडचं नाही. ते सगळ्यात जवळ यायचं नाशिकला, सुला फेस्टच्या निमित्तानं. २००८ पासून तिथं द्राक्षमळ्यात स्टेज लागायला लागलं. पन्नासेक किलोमीटर, पण आमच्या घरातनं तिथं कधी कुणी गेलं नाही. तिकीट, रात्रीची परतायची सोय, आणि "तिथं आपलं काय काम" हा विचार. तिन्ही गोष्टी आडव्या.

मग कोल्डप्ले माझ्यापर्यंत आलं कसं? जिओमुळं. हसू नका, खरंय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट. मी दहावीत होतो. तोपर्यंत आमच्याकडे गाणं म्हणजे मेमरी कार्डात भरून आणायची वस्तू. दुकानदार चार जीबीत काय भरून देईल ते ऐकायचं. जिओ आल्यावर पहिल्यांदा स्वतः शोधून गाणं ऐकलं. कुणीतरी "हिम फॉर द वीकेंड"चा व्हिडिओ पाठवला. मुंबईत आणि कोलकात्यात शूट झालेला, रंग, होळी, काळी-पिवळी टॅक्सी. मी तो बघितला टॅक्सीसाठी आणि अडकलो गाण्यात. मग उलटं मागं गेलो. "यलो", "क्लॉक्स", "द सायंटिस्ट". इंग्रजी निम्मं कळायचं नाही. पियानो कळायचा.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला कोल्डप्ले मुंबईत येऊन गेलं, बीकेसीत, ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हलला. तारीख बघा. ८ नोव्हेंबरला नोटबंदी. अकराव्या दिवशी तो कार्यक्रम. त्या दिवसांत आमच्या भागात मालाचे पैसे रोखीत मिळायचे बंद झाले होते, घरात सुट्ट्या पैशांची मारामार होती. मी फोनवर ते तुकडे तुकडे बघितले आणि झोपलो. जायचा विचारसुद्धा मनात आला नाही. तो विचार मनात यायलाही खिशात काहीतरी असावं लागतं.

आता थेट २०२४ वर येतो. २२ सप्टेंबर, रविवार, दुपारी बारा. तिकीट विक्री सुरू. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, १८ आणि १९ जानेवारी, आणि त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा शो जाहीर झाला. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. रांगेत कोटीहून जास्त लोक होते. माझा नंबर लाखांत. आमच्या घरात नेटवर्क माळ्यावर चांगलं येतं, म्हणून मी माळ्यावर बसून तो आकडा बघत होतो. माझा नंबर येईपर्यंत तिकिटं संपली. मग पुढचे काही दिवस तीच तिकिटं दुसरीकडे लाखांच्या भावात दिसायला लागली. लाख म्हणजे आमच्याकडे एकरभर कांद्याचा हिशोब होतो, त्यामुळं ते नुसतं वाचून सोडून दिलं.

पण या बँडची एक पद्धत आहे, आणि ती मला मनापासून आवडते. इन्फिनिटी तिकीट. कार्यक्रमाच्या आधी थोडी तिकिटं स्वस्तात काढतात, एक तिकीट दोन हजार. घ्यायची जोडीनंच, म्हणजे दोन. जागा कुठली ते आधी कळत नाही. त्या दिवशी खिडकीवर ओळखपत्र दाखवायचं, पाकीट घ्यायचं, मग कळतं पुढं आहात की आभाळात. २२ नोव्हेंबरला ती निघाली आणि मला २१ जानेवारीची जोडी लागली. चार हजार रुपये. लाल कांदा कार्यक्रमाच्या सुमारास क्विंटलला दोन-अडीच हजाराच्या घरात होता. म्हणजे माणशी एक क्विंटल कांदा. आमच्याकडे कुठल्याही किमतीचं शेवटी कांद्यातच रूपांतर होतं.

दुसरं तिकीट माझ्या मित्राचं होतं. त्याला डिसेंबरात एमआयडीसीत काम लागलं. नव्या कामावर मंगळवारची सुट्टी कोण देणार? आणि जानेवारी म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. उन्हाळ कांद्याची लागण चालू, लाल कांद्याची काढणी चालू, द्राक्षवाल्यांची थंडीनं झोप उडालेली. निफाडचं तापमान पेपरात येतंच दर जानेवारीला. घरातनं कुणाला हलवायचं?

तेव्हा नाना म्हणाले, "सोमवारी रात्री वाशीचं भाडं आहे. चल. तुला सोडतो, माझं काम करतो, येताना घेतो."

मी म्हणालो, "नाना, तिकीट दोन आहेत."

ते म्हणाले, "मला इंग्रजी कळत नाही."

मी म्हणालो, "मला तरी कुठं सगळं कळतं? तुम्ही वाजवणं बघा."

यावर ते काही बोलले नाहीत. ताडपत्रीची दोरी आवळत राहिले. आमच्या नानांच्या भाषेत तो होकार असतो.

इथं थोडं थांबून आमच्या घराबद्दल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही मातंग. आमच्याकडे वाजवणं पिढ्यानपिढ्या आलं. हलगी आजोबांच्या वडलांची, आजोबांनी बँड काढला, नाना आणि माझे वडील त्यात मोठे झाले. लग्नातला ब्रास बँड हा मुळात इंग्रजांच्या पलटणीचा. ट्रम्पेट, क्लॅरोनेट, तो मोठा फोनियम, साइड ड्रम. पलटणीतनं तो संस्थानात गेला, तिथनं वरातीत आला, आणि आपल्या लोकांनी तो उचलून असा काही आपला केला की आज कुणाला तो परदेशी वाटत नाही. नाना सांगतात, नवं पिक्चर लागलं की ते लासलगावला जाऊन बघायचे आणि गाणं कानात घेऊन यायचे. कागद नाही, सूर लिहिलेले नाहीत. रात्री बाकीच्यांना तोंडानं म्हणून दाखवायचं, सकाळी वरातीत वाजवायचं.

आणि दुसरी बाजूही सांगतो. बँडशिवाय नवरदेव पारावरनं मांडवात यायचा नाही, पण बँडवाला जेवायला शेवटच्या पंगतीला. कधी मांडवाच्या बाहेर, कधी गोठ्याच्या बाजूला. मोठ्या ढोलावर बँडचं नाव रंगवलेलं असायचं, मालकाचं नाव असायचं. वाजवणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत कुणी विचारलं नाही. "ए बाजा" म्हणून हाक मारायचे. पंचवीस वर्षं.

मग डीजे आला. पंधरा माणसांऐवजी एक गाडी आणि दोन पोरं. २०१६ ला "सैराट" आला. त्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून वाजवून घेतलं होतं. म्हणजे तिकडं खरी माणसं, खरी व्हायोलिनं, खरी फुंकर. आणि इकडं आमच्या गावात ते आलं पेनड्राइव्हमधनं, आणि त्या पेनड्राइव्हनं इथल्या फुंकरीचं काम काढून घेतलं. यात अजय-अतुल यांचा काडीचा दोष नाही, ते गाणं लागलं की मीपण नाचतो. पण २०१७ च्या लग्नसराईत आमच्या बँडला दोन सुपाऱ्या आल्या. दोन. त्यानंतर नानांनी ट्रम्पेट विकला आणि गाडीच्या हप्त्याचं बघितलं. माउथपीस तेवढं ठेवलं. पिकअपच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, टोलच्या पावत्यांच्या खाली.

तर सोमवारी रात्री निघालो. नाशिक, कसारा घाट, भिवंडी, ठाणे. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे तुर्भ्याच्या मार्केटात. गोण्या उतरल्या, पट्टी झाली, चहा झाला. आणि तिथं मार्केटात चर्चा काय, तर कोल्डप्लेची! कारण त्या तीन तारखांना नवी मुंबईत दुपारनंतर जड वाहनांना बंदी होती. कांद्याचे ट्रक आणि इंग्लंडचा बँड एकमेकांच्या आडवे आले होते. एक ड्रायव्हर वैतागून नानांना विचारत होता, "कोण येतंय एवढं? मंत्री का?" नाना म्हणाले, "नाही. वाजवणारे."

दुपारी तुर्भ्याहून लोकलनं नेरूळ. खिडकीवर पाकीट मिळालं. जागा वरच्या मजल्यावर, स्टेजच्या एका बाजूला. म्हणजे आभाळातच. हातात घालायला एकेक पट्टा दिला, त्यात दिवे असतात आणि ते तिकडनं रिमोटनं चालतात. नानांनी घड्याळाच्या हाताला तो बांधला आणि विचारलं, "हा घरी न्यायचा का?" मी सांगितलं, परत द्यायचा. कुठल्या शहरानं किती टक्के परत दिले ते बँडवाले स्क्रीनवर दाखवतात. नाना म्हणाले, "मग आपलं गाव खाली पडायला नको."

आता कार्यक्रम. मी पहिल्या गाण्याला ओरडत होतो, रडत होतो, ते सगळं झालं, ते सोडून देतो. तुम्हीही तुमच्या आवडत्या बँडला हेच कराल. मी सांगतो नाना काय बघत होते ते.

पहिली गोष्ट. ते गाणाऱ्याकडे बघतच नव्हते. ख्रिस मार्टिन एवढा पळतोय, उड्या मारतोय, सगळं स्टेडियम त्याच्याकडं बघतंय, आणि नाना बघतायत मागं ड्रमवर बसलेल्या विल चॅम्पियनकडं. थोड्या वेळानं म्हणाले, "गाडी हा चालवतोय. पुढचा नुसता खिडकीतनं हात बाहेर काढतोय." मी आठ-नऊ वर्षं हा बँड ऐकतोय, मला हे कधी दिसलं नव्हतं. मग मीही ड्रमकडं बघायला लागलो, आणि खरंच, गाण्यात कुठं दम घ्यायचा, कुठं सोडायचा, ते मागनं ठरत होतं.

दुसरी गोष्ट. ते म्हणाले, "काठी आधी पडतेय, आवाज मागनं येतोय." आम्ही बसलो होतो तिथनं स्टेज शंभर मीटरच्या वर असेल. आवाज हवेतनं सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे जवळजवळ पाव-एक तृतीयांश सेकंद उशीर. शाळेत शिकलो होतो, वीज आधी, गडगडाट नंतर. नानांनी ते वरातीत शिकलेलं. त्यांची वरात लांबलचक असली की पुढचा ढोल आणि मागचा ट्रम्पेट यांची गाठ तुटायची, म्हणून मागच्यानं कानावर नाही, ढोलवाल्याच्या हातावर नजर ठेवायची. आजचे साउंड इंजिनिअर हेच काम यंत्रानं करतात, लांबच्या स्पीकरांना मोजून उशीर लावतात, म्हणजे सगळे आवाज एका वेळी कानावर पडतात. आमच्याकडे ते डोळ्यानं करायचे.

तिसरी गोष्ट सगळ्यात भारी. "व्हिवा ला विडा" सुरू झालं. सगळं स्टेडियम उभं. सुरुवातीला ती व्हायोलिनं येतात, तुम्हाला माहीतच आहे. नाना उभे राहिले, स्टेजवर इकडनं तिकडं बघितलं, आणि माझ्या कानात ओरडले, "हे वाजवणारे कुठंयत?"

मी बघितलं. स्टेजवर चार माणसं. गिटार, बेस, ड्रम, गाणारा. व्हायोलिन कुणाच्याच हातात नाही. ती रेकॉर्ड केलेली असतात, मागनं लावतात. सगळे मोठे बँड थोडंफार असं करतात, त्यात लपवाछपवी काही नाही. पण चाळीस-पन्नास हजार लोकांत तो प्रश्न बहुतेक फक्त नानांना पडला असेल. ज्याची रोजी पेनड्राइव्हनं गेली, त्याला बरोबर ऐकू येतं कुठं माणूस आहे आणि कुठं नाही.

मला वाटलं आता यांचा मूड जाणार. पण नाही. पुढच्याच क्षणी चॅम्पियननं तो मोठा ढोल हाणायला सुरुवात केली, आणि नाना म्हणाले, "हा मात्र खरा आहे."

मग "अ स्काय फुल ऑफ स्टार्स". या गाण्यात ते एक करतात. गाणं मध्येच थांबवतात, आणि ख्रिस मार्टिन सांगतो, एवढं एक गाणं फोन खिशात ठेवा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला हे यूट्यूबवर बघून माहीत होतं, आणि गंमत म्हणजे यूट्यूबवर ते दिसतं याचा अर्थ कुणीतरी फोन खिशात ठेवत नाही! पण आमच्या बाजूला बहुतेकांनी ठेवले. हजारो छोटे पडदे विझले आणि हातातले पट्टे तेवढे चमकत राहिले. तेव्हा मला एक कळलं. फोन वर असताना आपण उद्याच्या माणसांना दाखवण्यासाठी बघत असतो. फोन खाली गेला की शेजारचा दिसतो. माझ्या शेजारी नाना टाळी वाजवत होते, आणि ती टाळी सरळ तालावर नव्हती. ते मधल्या मोकळ्या जागेत टाळी देत होते, वरातीत देतात तशी. पुढच्या रांगेतली दोन पोरं वळून बघायला लागली, आणि मग तीपण तशीच टाळी द्यायला लागली. चार ओळी, जास्त नाही. पण डी. वाय. पाटीलच्या त्या कोपऱ्यात चार ओळींसाठी विंचूरची टाळी लागली होती.

दहाच्या आत कार्यक्रम संपला. शेवटी सगळ्यांची नावं घेतली. गिटारवर जॉनी बकलंड, बेसवर गाय बेरीमन, ड्रमवर विल चॅम्पियन. प्रत्येक नावाला आख्खं स्टेडियम ओरडलं. परतीच्या गर्दीत चालताना नाना एवढंच म्हणाले, "वाजवणाऱ्याचं नाव घेतात."

पट्टे आम्ही दोघांनी परत दिले. तुर्भ्याला गाडीत दोन तास झोपलो, आणि पहाटे घाट चढलो.

पाच दिवसांनी, २६ जानेवारीला, त्यांचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर लाइव्ह होता. नरेंद्र मोदी स्टेडियम, लाखाच्या वर माणूस. आमच्या घरी सगळ्यांनी टीव्हीवर बघितला, चुलते, चुलत्या, पोरं. चित्र आमच्या जागेवरनं दिसलं त्याच्या शंभरपट स्वच्छ. पण नाना पंधरा मिनिटांनी उठले. म्हणाले, "पोटात येत नाही."

याचं कारण साधं आहे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला ती काढताच येत नाही, साध्या टीव्हीलाही नीट नाही. आपला मेंदू वरच्या सुरांवरनं अंदाज बांधतो आणि आपल्याला वाटतं बेस ऐकला. स्टेडियमात तो अंदाज नसतो, बरगडीला लागतो. नाना म्हणाले त्याला शास्त्र आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग डीजेचा बेसपण बरगडीला लागतो की! लागतो. उलट जास्तच लागतो. म्हणून मला वाटतं, लाइव्ह म्हणजे नुसता मोठा आवाज नाही. लाइव्ह म्हणजे समोर कुणीतरी आत्ता वाजवतंय, ते चुकू शकतं, दमू शकतं, आणि तुमच्याकडे बघून वेग वाढवू शकतं. वरातीत नवरदेवाचा मित्र नाचायला लागला की नाना त्याच्या पायाकडे बघून तोच तुकडा पुन्हा घ्यायचे. तो दमला की सोडायचे. पेनड्राइव्ह कुणाच्या पायाकडे बघत नाही.

आणि मला टोचलं ते हे. आपण गावातली वाजवणारी माणसं घरी बसवली, आणि मग वाजवणारी माणसं बघायला दोन हजार रुपये देऊन, रात्रभर कांद्याच्या गाडीत बसून नवी मुंबई गाठली. मी गेलो, पुन्हा जाईन, त्याबद्दल मनात काही नाही. कोल्डप्ले ऐकायचं नाही आणि बँडच ऐकायचा, असलं मी सांगत नाहीये. मी म्हणतोय, ज्या कारणासाठी तिकडं जातो, ते कारण गल्लीतही होतं. फरक एवढाच की तिकडं वाजवणाऱ्याचं नाव घेतात आणि इकडं त्याला शेवटच्या पंगतीला बसवायचे. म्हणून माझ्या पिढीतल्या एकाही पोरानं ट्रम्पेट हातात घेतला नाही. डीजेनं काम नेलं हे खरंय, पण मान आधीच नव्हता. मान असता तर कुणीतरी टिकवलं असतं. आणि डीजेवाल्या पोरांवर राग धरू नका, तीही आपलीच, कर्ज काढून बॉक्स घेतलेली.

आवाजाबद्दल एक कामाची गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी मर्यादा सांगितली आहे, पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. मोठ्या कार्यक्रमाला जाताना कानात घालायचे साधे फोमचे बोळे न्या, मेडिकलमध्ये मिळतात, गाणं तरीही छान ऐकू येतं. आणि डीजेसमोर बॉक्सला चिकटून नाचणाऱ्या लहान पोरांना तेवढं मागं ओढा. कान गेले तर कुठल्याच बँडचा उपयोग नाही.

आता ताजी बातमी. येत्या १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती. आमच्या गल्लीची मिरवणूक निघते. यंदा मीटिंगमध्ये मी विषय काढला की पहिला तास डीजे नको, जुन्या बँडची माणसं वाजवतील. अर्धे म्हणाले, "कोण आहे आता?" मोजली तर पाच निघाली. एक क्लॅरोनेट, एक साइड ड्रम, दोन हलग्या, आणि नाना. ट्रम्पेट येवल्यातनं भाड्यानं आणलाय. माउथपीस घरचंच.

सोपं नाहीये. आठ वर्षं फुंकर नाही, ओठ फुटतात. पहिल्या दिवशी नानांना दोन मिनिटांच्या वर जमेना. आता रोज संध्याकाळी कांदा चाळीच्या मागं वाजवतात, दहा मिनिटं, मग थांबतात, मग परत. शेजारचे आधी वैतागले. परवा त्यातलाच एक सहावीतला पोरगा येऊन विचारत होता, "नाना, ते बटण दाबल्यावर आत काय होतं?" नानांनी त्याला उघडून दाखवलं. तीन बटणं, आत नळ्या, दाबली की हवेला लांबचा रस्ता, म्हणून सूर खाली. मी लांबनं ऐकत होतो. मलाही हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

एक तास होईल का? माहीत नाही. त्या तासानंतर डीजे आहेच, पोरं ऐकणार नाहीत. पण मी एक ठरवलंय. मिरवणूक निघायच्या आधी माइकवर पाचही जणांची नावं घ्यायची. आडनावासकट, वाद्यासकट.

तुमच्यासाठी काम हेच. तुमच्या गावात, वस्तीत कोण वाजवतं ते शोधा. सनई, संबळ, हलगी, बँजो, काहीही. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा, सुरुवातीला त्यांचं नाव त्यांच्याच तोंडून घ्या, आणि मला पाठवा. पुढच्या एका भागात आपण ती सगळी ऐकू. घरात लग्न ठरलं असेल तर हळदीला अर्धा तास तरी माणसं वाजवू द्या, आणि जेवायला पहिल्या पंगतीला बसवा.

आणि हो, नानांनी मला विचारलंय की तो बँड परत कधी येणार आहे. तिकिटाचं मी बघतो म्हणालोय. गाडी त्यांची.

चला, भेटू पुढच्या भागात.